दुसरा साक्षीदार

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकोबास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुमचं बिनमाणसांचं यान सहा दिवसांनी पोचणार म्हणून हे पत्र. त्याच्या आचेचं गणित तुझं असलं तरी उष्णताकवच माझ्या हातचं आहे, विसरू नकोस. आम्ही बारा जणींनी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतलं एकेक घर पिचकारीने लेप घालून भरलं. काठाची सगळी घरं माझी. बोटं अजून नीट वाकत नाहीत. परवा शेजारणीला सांगत होते की परक्या ग्रहाच्या हवेला घासून यान तापतं, आणि तुझं टोकणं आठवलं: घासून नव्हे, समोरची हवा दबून तापते. पाढे मी घोकून घेतले तुझ्याकडून, आता मलाच शिकव!

उड्डाणाआधी जेवायला आलास तेव्हा विचारलंस, काठावर बोटभर थर वाढवता येईल का. मी म्हटलं, सगळं खरवडून पुन्हा भरावं लागेल, महिना जाईल. सहज विचारलं म्हणालास आणि ताट अर्धं टाकून उठलास. तब्येत सांभाळ.

आमच्या जुन्या मुकादमीणबाईंची शिस्त मी अजून पाळते. प्रत्येक भरणीचे दोन जादा तुकडे करायचे, एक ऑफिसला, एक आपल्या कपाटात. त्यांना आम्ही साक्षीदार म्हणतो. मुलींना हसू येतं.

यान उतरलं की आधी मला कळव. माया आहेच, पत्राचा आळस तेवढा सोड.

तुझी ताई

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बातम्यांत पाहिलंच असशील. हवेत शिरल्यावर थोडा वेळ संपर्क तुटणार हे ठरलेलंच होतं. आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. वेळ संपली तरी काही आलं नाही. कवच काठाकडून जळत गेलं असावं.

चौकशी समिती बसली आहे. त्यांचा कल भरणीकडे आहे, घरांत हवेचे बुडबुडे राहिले असतील म्हणतात. काठाच्या नोंदीत तुझा नंबर आहे. ऑफिसचा तुकडा चाचण्यांत संपला, त्यामुळे कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही. सोबत दोन ओळींचा कागद आहे, की भरताना नजरचूक झालेली असू शकते. तू जूनमध्ये निवृत्त होतेस, तुला कोण काय करणार? माझं मात्र पुढचं यान, मुलांची शिक्षणं, सगळं टांगणीला लागलंय. आजवर सांभाळून घेतलंस, एवढ्या वेळी घे.

तुझ्या मायेच्या भरवशावरच लिहितोय.

तुझा धाकटा

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

कागद मिळाला. सही करणारच होते, खोटं कशाला बोलू. पण मुकादम म्हणाला, सही झाली की आमची अख्खी लाईन बंद. उरलेल्या अकरा जणींतल्या सहा मी हाताला धरून शिकवलेल्या आहेत.

मग कपाट उघडलं. तू सगळ्याचा विचार केलास, माझ्या कपाटाचा राहिला. आमचं पत्र नीट वाचतो कोण! चाचणीवाल्याने तुकडा चिरून अर्धा तू लिहून दिलेल्या आचेत धरला. निम्माच थर जळला, आत एक बुडबुडा नाही. म्हणजे काठावरची आच तू लिहिलीस त्याहून जास्त होती.

चुकलास याचा राग नाही. माझीही बोटं चुकतात. पण तुला उड्डाणाआधीच कळलं होतं. ताट उगाच अर्धं राहिलं नव्हतं. तेव्हा एक महिना मागायची तुला लाज वाटली, आणि आता माझी तीस वर्षं मागताना वाटली नाही. जीव जळतो रे.

तुकड्याचा दुसरा अर्धा भाग आज समितीला दिला. तेवढ्याने बायका सुटतील. तुला आधी माहीत होतं हे मात्र मी तिथे बोलले नाही. त्याचा लेखी पुरावा एकच आहे, माझं चार फेब्रुवारीचं पत्र, आणि ते तुझ्याकडे आहे. समितीला नेऊन दे, नाहीतर फाडून टाक. मी विचारणार नाही.

माया आहे, ती कुठे जाणार. पण इतक्यात जेवायला येऊ नकोस.

तुझी ताई