रिक्सिया आणि वटवाघळातलं साम्य

सर, मला उठवून तुम्ही विचारलंत, "रिक्सिया आणि वटवाघूळ, साम्य सांग," तिथंच माझं कॉलेज संपलं. टाकीमागच्या ओल्या भिंतीवरून खरवडून आणलेली ती शेवाळासारखी चपटी हिरवी रिक्सिया बशीत होती, वटवाघूळ बाटलीत. आणि माझ्या शेजारी ती. तिच्याच टेबलाला जागा मिळावी म्हणून मी कांजूरहून सगळ्यांच्या आधी मुलुंडला पोचायचो, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "एक चिकटलंय, दुसरं लटकलंय, सर." वर्ग हसत सुटला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बरोबर. पुढे?" मला वाटलं, तुम्हीही त्यांच्यातलेच. बशी आपटली, तुम्हाला नको ते बोललो आणि निघालो.

घरी सांगितलं, सरांनी माझी इज्जत काढली. बाबा गिरणीच्या संपात घरी बसलेले, त्यांनी पेपर पुन्हा उघडला. पुढच्या आठवड्यात तुम्ही चाळीत आलात. मी आतल्या खोलीत. आईला खुणावलं, पोरगा घरात नाही म्हण. "झील घरात नाय हा, सर. च्या घेतल्याशिवाय जाव नकात." पडद्याखालून तुमच्या चपला दिसतायत, फार वेळ हलत नाहीत. मग तुमचा आवाज, "त्याला म्हणावं, उत्तर अर्धंच झालंय. येऊन पुरं कर." मी गेलो नाही. दिवाळीनंतर तुम्ही वारल्याचं कळलं.

आता घाटकोपरला औषधाच्या दुकानात आहे. तिथं तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "येड्या, ते दरवर्षी अशाच जोड्या लावायचे. मला खेकडा आणि नेचं दिलेलं. पुस्तकात नाही ते बघायला लावायचे, यार."

तेव्हापासून बघतोय. घरासमोरच्या बदामावर संध्याकाळी वटवाघळं येतात. फळ तोडतात, पण तिथं खात नाहीत, लांब नेतात, आणि बी तिकडे पडते. रिक्सियात नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जायला पाणी लागतं, दोघी अगदी जवळ असल्या तरी. म्हणजे बदामाला वटवाघूळ, तसं रिक्सियाला पाणी. नेणारं कोणीतरी लागतंच. पण हे झालं बदामाचं. रिक्सिया आणि वटवाघळातलं साम्य विचारलंत तर, चिकटणं-लटकणं हेच, दोघं कशाला तरी धरूनच असतात. तो मागचा पोरगा बरोबर होता, सर.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी घालून आईच्या ट्रंकेत ठेवतोय. एक राहिलं. त्या दिवशी सगळ्यात मोठ्यांदा ती हसली होती. तिच्यावर रागावता येईना, म्हणून तुमच्यावर रागावलो. बाहेर बदाम पडायला लागलेत. जातो, दार ओढून घेतो.