प्रभू तुज्यासंगं हाय

आबा,

काल संध्याकाळी मी चोरी करताना सापडले. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी दुधाचं पातेलं घेऊन आत आली आणि मी खुर्चीत डोळे मिटून मारियामातेची माळ म्हणत बसले होते. तिनं सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "आजी, माझ्या आईच्या वहीत 'हाय' दिसलं की तुम्ही लाल रेघ मारायचात म्हणे. आणि स्वतः देवाशी बोलताना 'हाय' कसं चालतं?" साताऱ्यात पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली मी, पातेलं झाकून ठेवते म्हणाले आणि विषय बदलला. रात्रभर मात्र तुम्हीच डोळ्यांपुढे होता, गुडघ्यांवर बोटभर धूळ घेऊन. म्हणून आज सकाळची कामं बाजूला सारून हे लिहायला बसले आहे. पत्ता नाही, तिकीट नाही, तरी लिहिते.

तुम्ही मिरजेला रेल्वेच्या गँगचे मुकादम. दुष्काळात तुमचे वडील, माझे आजोबा, वडूज सोडून नगरकडे रुळांच्या कामावर गेले, तिथं मिशनच्या आसऱ्यानं जगले आणि ख्रिस्ती झाले. देव बदलला, गाव सुटलं, पण बोली वडूजचीच राहिली. आपल्या लहानशा देवळात पाद्री महिन्यातून एकदा यायचे, एरवी रविवारी बाया आत माळ म्हणायच्या आणि बापये बाहेर लिंबाखाली बिड्या ओढायचे. त्या लिंबाखालीही मुकादम तुम्हीच होता, हे काही लपून राहिलेलं नाही. माळ म्हणजे बायकांचं काम, बाप्यानं ओठ हलवत बसायचं म्हणजे काय, असंच सगळ्यांचं मत. तुम्ही माळ म्हणायचात ती घरी, मोरीत अंघोळ करताना, आणि ती साऱ्या क्वार्टर्सना ऐकू जायची.

मग दादा ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला. महिने गेले, पत्र नाही. एक दिवस तुम्ही कामावरून आलात, पहार दाराशी ठेवलीत आणि आईला म्हणालात, "मी नवस बोललोय. पोरगं जित्तं माघारी आलं तर भर बाजारात गुडघं टेकून मारियामातेची माळ म्हनीन. एकटा न्हाई, समद्या बाप्यांना घिऊन." आई भाकरी थापता थापता थांबली. "आवं, कवा देवळात म्हनला न्हाई, आन् आता बाजारात म्हननार व्हय?" तुम्ही म्हणालात, "सोपं आसतं त्याला नवस म्हनत न्हाईत." आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पदरानं डोळे पुसले.

लढाई संपली त्या वर्षी दादा आला. हातपाय धड होते, पण तोफांनी कान नेले होते. तोंडाजवळ ओरडलं तरच थोडं कळायचं. आई महिनाभर त्याला नुसती पोटभर खाऊ घालत राहिली आणि ऑक्टोबर उजाडला, म्हणजे माळेचा महिना. तुम्ही देवळात उठून उभे राहिलात आणि नवस सगळ्यांना सांगितलात. तेव्हा मालधक्क्याचे हेडक्लार्क पुढे आले. गोव्याचे, कडक इस्त्रीचे, देवळाचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. ते म्हणाले, "कल्पना छान आहे मुकादम, पण पुढे मी म्हणेन, तुम्ही सगळे मागून म्हणा. हे मिरज आहे. इथे गवयी आहेत, वैद्य आहेत, संस्थानची माणसं आहेत. तुमची बोली ऐकून ते हसतील. तुम्हाला नाही, आपल्या धर्माला हसतील." तुम्ही टोपी हातात चुरगाळत म्हणालात, "नवस माजा हाय, सायेब. फेडायला तोंड दुसऱ्याचं कसं चालंल?" हेडक्लार्क म्हणाले, "बरं. पण मग शुद्ध म्हणायचं. तुमची मुलगी साताऱ्याला शिक्षिका आहे ना? ती शिकवेल." आणि सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी सुट्टीवर आलेली, नवी कोरी मास्तरीण, अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या! मी म्हणाले, शिकवते की.

आबा, त्या आठवड्यात मी तुमचा जो छळ केला तो आठवला की अजून कानशिलं तापतात. मी एका कागदावर ठळक अक्षरांत सगळी प्रार्थना लिहिली. तुम्ही अक्षराला अक्षर लावून वाचणारे. पहिल्याच ओळीला गाडी अडायची. मी म्हणायचे, "प्रभू तुझ्याबरोबर आहे." तुम्ही म्हणायचात, "परभू तुज्यासंगं हाय." मी म्हणायचे, "हाय नाही, आहे." तुम्ही म्हणायचात, "आ... हे," आणि श्वास तिथंच संपायचा. दिवसभर वीस माणसांना एका हाकेवर रूळ उचलायला लावणारा माणूस माझ्यासमोर ततपप करत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हणाले, "आबा, देवासमोर तरी नीट बोला!" तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि हळूच विचारलंत, "मग बाई, आजपातूर मी म्हनलो ते मारियामातेला पोचलंच न्हाई म्हन की." मी काय बोलले असेन? "पोचलं असेल, पण..." असं काहीतरी पुटपुटले आणि दुसऱ्या ओळीकडे वळले.

मग तो बाजाराचा दिवस आला. सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसला आहात, समोर कागद धरलाय, शेवटची उजळणी चाललीये. दादा तुमच्या पुढ्यात बशीतून चहा पितोय. तुम्ही सबंध पाच ओळी वाचता, एकही चूक नाही. मी शाबास म्हणणार इतक्यात दादा बशी खाली ठेवतो आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारतो, "आबा, कवा सुरू करताय?" तुम्ही कागदाकडे बघता, मग त्याच्याकडे. कागद वाचताना तुमचा आवाज घशातच बसायचा, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याच्यासाठी नवस, त्यालाच ऐकू जात नव्हतं. तुम्ही कागद कोटाच्या खिशात ठेवलात, कोट खुंटीला अडकवलात आणि दाढी करायला मोरीत गेलात. तिथून लगेच तुमचा नेहमीचा आवाज आला, जुन्या शब्दांचा, भिंतीवरचं कॅलेंडर हलवणारा. दादानं मान वर केली आणि हसला. "आत्ता सुरू झालं," म्हणाला. मी चुलीत जळण सारून दुसरा चहा टाकला. तुम्ही आलात, प्यालात, आणि उभ्या उभ्या म्हणालात, "आज च्या लय झ्याक झालाय." मग कोट चढवून बाप्यांना गोळा करायला निघालात.

उन्हं कलली होती. बाजारपेठेच्या तोंडाशी, टांगे उभे राहतात त्या मोकळ्या जागेत आपले बापये ओळीनं गुडघे टेकून बसले. लिंबाखालचे सगळे बिडीबहाद्दर, डोकी भिजवून भांग पाडलेले! हेडक्लार्कांनी आधी रुमाल पसरला आणि त्यावर गुडघे टेकले. दादा वर्दी घालून तुमच्या शेजारी. बायांनी मागं उभं राहायचं ठरलं होतं. भोवती बघे जमले. टांगेवाले, भाजीवाल्या, तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर, आणि तुमच्या गँगमधले बाकीचे गडी, कुणी मराठा, कुणी मुसलमान, आपला मुकादम करतोय तरी काय हे बघायला आलेले. आईनं ओवलेली रिठ्याच्या बियांची माळ तुमच्या हातात. तुम्ही क्रूसाची खूण केलीत आणि खिशात हात घातलात.

कागद नव्हता. तुम्ही दुसरा खिसा पाहिलात. बिड्यांचं बंडल निघालं, चुन्याची डबी निघाली, आतल्या खिशात रुमाल होता. कागद नव्हता. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. हेडक्लार्क रुमालावरून अर्धे उठले आणि म्हणाले, "असू द्या मुकादम, मी म्हणतो." आता नवस गेला, आबांचं तोंड गेलं, भर बाजारात गेलं, असं मला वाटलं. तेवढ्यात दादा ओरडला. त्याला वाटलं असेल हळूच बोलतोय, पण पार स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असेल. "आबा, बोला की! मी आलोय न्हवं?"

तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. छाती भरून घेतलीत आणि रूळ उचलताना लावायचात तो आवाज लावलात. "नमो मारिये, किरपापूर्णे, परभू तुज्यासंगं हाऽऽय!" आणि काय झालं, आबा! तो 'हाय' तुमच्या रोजच्या हाकेसारखाच वर गेला, आणि टांग्यांपाशी उभ्या असलेल्या तुमच्या गड्यांनी सवयीनं एका तोंडानं उत्तर दिलं, "हैश्या!" हशा उसळला. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. पण तुम्ही? तुम्ही वळून त्यांना म्हणालात, "आरं, जरा दमानं घ्या गड्यानू. आजून लय बाकी हाय!" आणि तुम्हीही हसलात. हसणाऱ्याला कोण हसणार? बाजार तुमच्या बाजूचा झाला. पुन्हा तुम्ही सुरुवात केलीत, आणि आपल्या बाप्यांनी, जन्मात देवळात तोंड न उघडलेल्या त्या माणसांनी, रुळाला हात घातल्यासारखं उत्तर उचललं, "पवित्र मारिये, देवाच्या आई..."

दहा मण्यांचा एक फेरा झाला, दुसरा झाला. टांगेवाल्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून काखेत धरलं. भाजीवाल्या तराजू खाली ठेवून ऐकत होत्या. चौथ्या फेऱ्याला मला हेडक्लार्कांचा आवाज आला. इंग्रजी नाही, शुद्ध मराठी नाही, ते कोकणीत म्हणत होते, लहानपणी आईच्या मांडीवर शिकल्यासारखे, आणि त्यांचा रुमाल केव्हाच बाजूला उडाला होता. शेवटच्या आमेनला तर ज्यांचा आपल्या देवाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीही आवाज लावला. जिंकलात, आबा! शब्दाशब्दानं जिंकलात. तुम्ही उठलात तेव्हा दादानं तुमचा हात धरला आणि ओरडला, "आबा, शबुद न् शबुद ऐकू आला!" तुम्ही सगळ्यांसमोर रडलात. तंबोरेवाले म्हातारे जवळ आले आणि म्हणाले, "मुकादम, खर्ज लागला बगा तुमचा. आसली तार आमाला धुंडून मिळत न्हाई." मिरजेत याहून मोठं बक्षीस कुणाला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या ऑक्टोबरापासून बापये देवळात आत बसू लागले आणि माळ तुम्हीच सांगायचात. मी साताऱ्याला परत गेले, मुलींच्या वह्या तपासत राहिले, 'हाय' वर लाल रेघा मारत राहिले. पोटासाठी ते करावंच लागतं. पण माळ हातात घेतली की माझ्या तोंडून तुमचेच शब्द येतात. दुसरे शब्द वर पोचतील असा मला भरवसाच वाटत नाही.

आणि तुम्ही मात्र मरेपर्यंत ज्याला त्याला एकच गोष्ट सांगितलीत. "कागद मारियामातेनं उचलून न्हेला. म्हनली, मुकादम, मला तुजंच बोलनं पायजे." पाद्रींनासुद्धा सांगितलंत, आणि त्यांनी मान डोलावली. तुम्ही सांगायचात तेव्हा मी दर वेळी काहीतरी काम काढून आत जायचे. आई एकदा माझ्याकडे टक लावून बघत होती, तिला बहुतेक कळलं होतं. तुमचा चमत्कार तुमच्याकडून काढून घ्यायची मला हिंमत झाली नाही. खरं तर चोरी मारियामातेच्या नावावर गेली आणि तिनं ती मुकाट्यानं सोसली, म्हणजे तिलाही पटलं असेल, असं मी मनाला समजावते.

हे पत्र तुम्हाला मिळायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. तुम्ही मोरीत होता, कोट खुंटीला होता, आणि कागद मी काढला. चुलीतलं जळण ओलं होतं, पेटत नव्हतं. त्याच कागदावर तो दुसरा चहा उकळला, आबा, लय झ्याक झाला म्हणालात तो.