रिलीव्हर आल्याशिवाय

३ जानेवारी
डॉक्टर म्हणे, काकूंबरोबर स्वतःकडेही बघा, तुमचं बीपी वाढलंय. मला काय धाड भरलीय! खुब्याचं ऑपरेशन बायकोचं, पद्माचं झालंय, माझं नाही. गोळी घेणार नाही. उद्यापासून रोज सकाळी कमाटी बागेत फेरी, बास.

४ जानेवारी, सकाळी
बूट घातले. पण निघणार कसा? रिफायनरीत उभा जन्म शिफ्ट केली. पुढच्या पाळीचा रिलीव्हर येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही. पद्मा म्हणते, मी पलंगावर पडूनच आहे, जा की. पेशंटला काय कळतं? बूट काढले.

६ जानेवारी
शेजारच्या कांचनबेन बसायला आल्या. म्हणे, तमे जाओ ने, हुं छुं ने. तुम्ही जा, मी आहे, म्हणे. रीतसर चार्ज देऊ लागलो. औषधं, उशी कुठल्या कुशीला, शेकायची पिशवी. उशीपर्यंत पोचलो तर बाई म्हणाल्या, मारो कुकर बाकी छे. कुकर लावायला गेल्या. शिस्त नाही लोकांना.

९ जानेवारी
मेहुणी वसुंधरा पादरा गावाहून आली, मला मोकळं करायला म्हणे! आल्या आल्या बहिणीला वॉकर देऊन उभं करायला निघाली. दुपारच्या बसने परत पाठवली. पद्मा माझ्याशी बोलत नाही. फिजिओथेरपीवालाही तेच सांगतो, धरू नका, चालू द्या. मी धरणार. परत पडली म्हणजे? भीती वाटते मला. पण हे तिला कशाला सांगा.

१२ जानेवारी
डोकं गरगरतंय. कांचनबेनच्या उंधियूचं तेल, दुसरं काही नाही. फेरी उत्तरायणनंतर, संक्रांत होऊ दे. नक्की.

१४ जानेवारी, संध्याकाळी
सकाळी मोरीत चक्कर आली. खाली बसलो तो उठताच येईना. हाका मारल्या. अख्खी सोसायटी गच्चीवर पतंग कापत काप्यो छे, काप्यो छे करतेय, ऐकणार कोण?
पद्माने ऐकलं. वॉकर टेकत आली. पलंगापासून मोरीपर्यंत, एकटी, कुणी न धरता. मला बघून आधी रडली, मग सणसणीत शिव्या दिल्या, मग खिडकीतून कांचनबेनला हाक मारली.
डॉक्टर येऊन गेले. गोळी घ्यावी लागली. आता पलंगावर मी.
तिला चार्ज द्यायला लागलो. दूधवाला, गॅसची नळी, तिच्याच गोळ्या. म्हणाली, घेतला चार्ज, गप पडा.
आणि वॉकर टेकत गॅलरीत पतंग बघायला निघून गेली.
रिलीव्हर न ठेवता!