कमांडोची सावली

६ जानेवारी, सकाळी ८
निवृत्तीनंतरचं पहिलं पीक. ज्वारीत दाणा भरतोय. बायकोला, जयमालाला शब्द दिलाय, यंदा वर्षभर भाकरी घरच्याच ज्वारीची. नगरच्या ऑफिसात तीस वर्षं माणसं सांभाळली, पाखरांचं काय एवढं!

७ जानेवारी
विहिरीच्या कठड्यावर एक प्राणी सापडला. घोरपडीएवढा, वर छत्रीएवढे पंख. चेहरा कडक. नाव ठेवलं कमांडो. पाखरं राखायला अपॉइंट केला.

८ जानेवारी
वीस वर्षं आमच्या शेतात गोफण फिरवणाऱ्या बनुबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणालो. त्यांचं म्हणणं, ह्याला दातच न्हाईत सायेब. दात लागत नाहीत. दरारा लागतो.

१३ जानेवारी, दुपारी १
कमांडो उन्हात पंख पसरून बसतो. सावलीत अकरा चिमण्या. आधी विश्वास संपादन करतोय. शिकारीची पद्धत असणार. आपण मध्ये पडायचं नाही.

१९ जानेवारी
चिमण्या चाळीस. होलेही आले. एक पोपट त्याच्या डोक्यावर. दाणे खातात, दमतात, सावलीत बसतात, परत खातात. कमांडोनं अजून एकालाही धरलेलं नाही. संयम वाखाणण्यासारखा.
बनुबाई आता शेजारी गोरक्षनाथच्या शेतात. त्यांनी हाकललेली पाखरं सरळ आमच्याकडे.

२६ जानेवारी
संकल्प. स्वतः गोफण फिरवणार. उद्यापासून. आज सुट्टी.

२८ जानेवारी
फिरवली. दगड मागे गेला, जयमालाच्या डब्यावर. डब्याला पोचा. पाखरं जागची हलली नाहीत. खांदा धरलाय. पूर्ण विश्रांती.

२ फेब्रुवारी
बनुबाईंकडे गेलो. गोरखची सुगी हुईस्तोवर जमायचं न्हाई म्हणाल्या. वर म्हणाल्या, तुमचं जनावर लई चांगलं राखतंय, पन ज्वारी न्हाई, पाखरं.
मला हे केव्हाच कळलं होतं. फक्त लिहिलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, दुपारी १२.३०
कणसं रिकामी. जयमाला डबा घेऊन आली. पारनेरच्या बाजारातून ज्वारी आणली म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. फार थकल्यासारखं झालं.
ऊन चटकत होतं. कमांडोनं माझ्याकडे पाहिलं आणि एक पंख जरा उचलला. चिमण्या सरकल्या. जाऊन बसलो. भाकरीचा तुकडा कुस्करून त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी चोच लावली, सोडून दिला.
त्यांना घरच्या ज्वारीची सवय झाली आहे.