पाहुणीची शिकवणी

सुलक्षणा,

धुळ्याची एसटी चुकेल म्हणून लिहून ठेवते. ती अमेरिकेची मुलगी सकाळी केळीच्या बागेतला अभ्यास आटोपून दुपारी आपल्याकडे मुक्कामाला येईल. उन्हाळाभर असोद्यातल्या अडाणी बायकांना एबीसीडी शिकवायची, ही त्यांच्या कॉलेजची समाजसेवा. ज्या घरची सून अडाणी, तिथेच पाहुणी उतरवतात, म्हणून मी तुझं नाव दिलं. नाहीतर ती पाटलांकडे गेली असती. माझ्या भूषणची, तुझ्या नवऱ्याची, हरकत नाही.

शेवभाजीत तिखट कमी घाल. तुझी एम.ए. इंग्लिशची फ्रेम भिंतीवरून काढून कोठीत ठेवली आहे. ती शिकवेल तेव्हा मुकाट्याने बस, मधूनमधून चुकत जा. कॉलेजातली नोकरी सोडताना रडलीस, तसं तिच्यासमोर नको.

हजेरीला सही करू नकोस, अंगठा लाव. शाईचं पॅड या चिठ्ठीवरच ठेवलंय.