मांजरीखालची पेंड

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी २०२५

धाकट्या जाऊबाई मंदाबाईंना थोरल्या अक्काचा आशीर्वाद.

तारीख नातीनं टाकली, पुनमनं. माझ्यापुरतं विचारशील तर माघ लागला आहे, थंडी ओसरली आहे आणि माझे गुडघे तुझ्यासारखेच उगाच कुरकुर करतात.

हे पत्र तुला रत्नाच वाचून दाखवील. तू नि मी दोघी अंगठेबहाद्दर, तुझा नवल दीपनगरला कामावर. घरात अक्षर ओळखणारी तुझी सूनच एक. तुमचं बोलणं बंद आहे म्हणे. असू दे. आता तिला तोंड उघडावं लागेल आणि तुला तिच्याजवळ बसावं लागेल. रत्ना, बाई, वाचताना मधलं काही गाळू नकोस.

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कधी?

इकडे सगळे बरे. माझ्या कुंदनच्या पोटावरचा शर्ट आता बटणाला भीत नाही, इतकं डॉक्टरनं त्याला वाळवलंय. पुनमनं मांजर पाळलंय ते तुला ठाऊक आहेच. बिस्कुट. आपल्या वेळी मांजरं नावाशिवाय जगून गेली. ही तिसऱ्या मजल्यावर राहते, तिला अंगण नाही, म्हणून तिच्या संडासाला प्लास्टिकचं घमेलं. त्यात घालायची वाळू पार्सलनं येते. एकदा पुनम रडवेली होऊन म्हणाली, "आजी, वाळू संपली. पार्सल आलं नाही."

मी म्हटलं, "पांझरा नदीच्या वाळूनं काय पाप केलंय?"

"तसली नाही गं. ओल शोषणारी लागते. आणि महाग असते."

ओल शोषणारी म्हटल्यावर मला आपला गोठा आठवला. गोळी पेंडीवर पाणी सांडलं की कशी फुगून भुसा होते! कुंदनला ढेपेच्या दुकानात पिटाळलं, एक पोतं आणवलं, घमेल्यात ओतलं. बिस्कुटनं हुंगलं, चार गोळ्या उडवल्या आणि बसली की महाराणी! वास नाही, चिखल नाही. ओलं झालेलं तेवढं चमच्यानं काढायचं. खालच्या मजल्यावरच्या चंद्रकांताबाई मुद्दाम बघायला आल्या. "माँजी, आपने तो कमाल कर दिया," म्हणाल्या. मी आठवडाभर फुगून होते, पेंडीसारखीच.

पण मंदा, आतून बरं वाटत नव्हतं. गाईच्या तोंडचा घास मांजरीच्या ढुंगणाखाली. घमेलं बदलताना खालच्या गोळ्या कोरड्या, आख्ख्या निघायच्या. पुनम म्हणायची, कचऱ्यात टाक. माझा हात होईना. सांडलेला दाणा पदरात उचलणाऱ्या बायका आपण. मी घाण तेवढी निवडली, कोरड्या पेंडीला गच्चीवर ऊन दिलं, पिशवीत भरत गेले. उन्हानं सगळं शुद्ध होतं, असं मला वाटलं. पुनमला विचारलं नाही. ती नको म्हणाली असती.

पुनम लिहिता लिहिता थांबली आहे. लिही गं.

दिवाळीला मी पेंडीची पिशवी आणली होती ना? तू म्हणालीस, "धुळ्याहून ढेप आणली व्हय अक्का? शहरात ऱ्हाऊन गोठा नाही इसरली." मी हसले. खरं सांगायला जीभ उचलली नाही, कारण मांजरीखालची म्हटलं असतं तर तू पिशवी माझ्याच डोक्यावर ओतली असतीस. रत्नानं रोज मूठ मूठ करून ती चांदीला घातली. चांदी गाभण होती. रत्नाच्या माहेराहून आलेली बकरी, तिचं पहिलं मादी करडू, पहिली पाट, स्वतःची म्हणून ठेवायची ठरवली होती पोरीनं.

पौषात चांदी गाभडली. दोन करडं, दोन्ही मेलेली. फोनवर तू म्हणालीस, "हिनं हिरवा हरभरा चारला, तेच बाधलं. हिच्या हातात जनावर टिकत नाही." आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हल्लीच्या पोरींना समज कमीच."

हे मी म्हटलं, रत्ना. तू तिथंच उभी असशील. मांजरीपेक्षा हेच मला जास्त टोचतं.

परवा बिस्कुटला टोचायला डॉक्टरकडे नेलं. मी सहज विचारावं तसं विचारलं, बकरीनं मांजरीखालचं काही खाल्लं तर? ते म्हणाले, "गाभण असेल तर नको हं आजी. मांजराच्या विष्ठेतून रोग जातो, बकरी गाभडते." उन्हात वाळवलं तर? "उन्हानं जाईलच असं नाही." तुमच्या बकरीचं तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, असंही म्हणाले. पण मला खात्री लागत नाही.

मंदा, तू चांदीला शिंदखेड्याच्या बाजारात काढतेस असं नवल म्हणाला. काढू नकोस. आधी सरकारी दवाखान्यात दाखव. डॉक्टर म्हणाले, असल्या बकऱ्या पुढच्या खेपेला बहुतेक नीट वितात. पिशवीत पेंड उरली असेल तर कुणाच्या तोंडाला लावू नका, उकिरड्यावरही नको. खोल खड्डा करून पुरा आणि हात धुवा. आणि बकऱ्या पुन्हा रत्नाच्या हाती दे. हरभऱ्यानं काही झालं नाही.

इथं पुनम माझं बोलणं शुद्ध करून लिहिते, पण पुढची ओळ तिला तशीच लिहायला सांगितली आहे.

बठ्ठी चूक मन्ही शे.

नाव मी लिहिते, असं पुनम म्हणाली. म्हटलं नको, शाई आण. खाली अंगठा आहे तो माझा, जरा पसरला आहे.

रत्नाची अपराधी आणि तुझी थोरली,
अक्का

ता. क. रत्ना, तुझ्या सासूला नको ते ऐकू येत नाही. सगळी चूक माझी म्हणणारी ती अहिराणीतली ओळ तिच्या उजव्या कानाशी बसून पुन्हा एकदा वाच.