आपल्या गच्चीवरचं गरम पाणी

माय, या हिवाळ्यात आमच्या रांगेतली सगळी घरं आपल्या गच्चीवरच्या पाण्यानं आंघोळ करतायत. तू हे मला दोनदा सांगायला लावलं असतंस, म्हणून मीच पुन्हा लिहिते. सगळी घरं, माय. शेजारचे आप्पासुद्धा.

तुला हे घर माहीत नाही. शाळेतून निवृत्त व्हायच्या आधी अंबाजोगाईला नोकरदारांच्या सोसायटीत घेतलं. भिंतीला भिंत लागून बसकी घरं, एकच लांब रांग, आणि यंदा सोसायटीची अध्यक्ष मी. पाऊस यंदाही दगा देऊन गेला, पाणी टँकरचं. थंडी मात्र न चुकता आली आणि तिच्यामागोमाग लाइटची बिलं. घरोघर गीझर, सकाळी एकदम चालू. बिल हातात पडलं की लोक वीज कंपनीला शिव्या देत माझ्या दारात यायचे, जशी मीच मीटर फिरवते.

तेव्हा मला तुझा बंब आठवला. आठवला कसला, समोरच दिसायला लागला. दुष्काळाचं वर्ष. कापूसच उगवला नाही, तर जाळायला पऱ्हाट्या कुठल्या? तू दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडून येतेस, आणि वस्तीतल्या बायांना म्हणतेस, "घरोघर येगळा जाळ कावून करायचा? एकाच बंबाखाली करू की." तेलाच्या डब्याचा तो बंब. जी येईल तिनं घागरभर पाणी आणि मूठभर काटक्या आणायच्या. पाणी तापतंय तोवर खालच्या आरावर कुणाच्या तरी भाकरी शेकून निघायच्या. डाळीला उकळी आली की तू भांडं उतरवून गोधडीत गुंडाळायचीस आणि ती आपली आपण शिजायची. मी एकदा उघडून बघितलं तर काय बोललीस. "झाकण कावून काढलंस? ऊब गेली ना सगळी. आता तिच्यासाठी तू जळतीस का चुलीत?" अजूनही कुकरचं झाकण काढताना मी आधी मागं बघते.

पण त्या घागरीतलं पाणी कसं यायचं, तेही आठवतं. गावच्या विहिरीला आपला हात लागायचा नाही. घागर खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. तू तिथं एक शब्द बोलायची नाहीस. मला त्याचा राग यायचा, तुझा नव्हे, त्या उभं राहण्याचा. तो अजून गेलेला नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

तर मी सभेत तुझाच बंब मांडला, फक्त उन्हावरचा. सगळ्या रांगेला मिळून एक मोठा सोलर, एक टाकी, तिथून घरोघर पाइप. पाइपांना जुन्या गोधड्यांच्या पट्ट्या गुंडाळायच्या, म्हणजे पाणी वाटेत निवत नाही. नळ सोडल्यावर आधी गार पाणी येतं ते बादलीत धरून भांड्यांना वापरायचं. लोकांना पटलं. मग टाकी कुठं बसणार ते निघालं, मी आपली गच्ची सांगितली, आणि आप्पांनी घसा खाकरला.

आप्पा म्हणजे साखर कारखान्याचे जुने संचालक. जन्मभर सहकारावर भाषणं दिली. पण इतक्या वर्षांत आमच्या घरी त्यांनी चहा काय, पाणी घेतलं नाही. कायम उपवास किंवा पित्त. ते म्हणाले, "ऊन सगळ्यांचं हाय, ताई. पन पाणी ज्याचं त्याच्या घरी बरं असतं."

मी म्हणाले, "आप्पा, ते तर एकाच टँकरचं हाय. तुमचं येगळं कुठून येतंय?"

ठराव झाला, फक्त आप्पांचा हात खाली राहिला. त्यांच्या भिंतीपर्यंत पाइप नेला आणि तोंडाला बूच मारून ठेवलं. माय, मला झोप लागेना. इतरांचं पाणी सुरू झालं, बिलं उतरली, लोक पेढे घेऊन आले, आणि मी खिडकीतून ते बूच बघत बसायची. त्या एका घरी पाणी गेलं नाही, तर मी अजून विहिरीपाशीच उभी आहे असं वाटायचं.

थंडी वाढली तेव्हा काकू आल्या, आप्पांच्या मंडळी. गुडघे धरून दारात उभ्या. "बाई, यांचं राहू द्या. गीझरला हात लावू देत न्हाईत, बिल येतं म्हनून. ते बूच काढायला सांगा." मी त्याच दिवशी प्लंबर बोलावला.

मग मध्ये आभाळ आलं. सकाळीच आप्पा खांद्यावर टॉवेल टाकून फाटकात उभे, केस ओले, चेहरा तापलेला. "ताई, पाणी लई कोमट येतंय. अशानं कसं व्हायचं? आमाला रोज कडक लागतं."

रोज म्हणाले, माय. मी म्हटलं, बघते हं आप्पा. आणि आत येऊन भिंतीला टेकून हसले, हसता हसता डोळे भरून आले. इतकी गोड तक्रार आयुष्यात कुणी केली नव्हती.

हे कुठल्या पेटीत टाकू, तुला कुठला पत्ता आहे? राहील माझ्याच कपाटात. पण तुझ्यापासून काय लपवायचं? सोलरवाल्यानं दोन गच्च्या दाखवल्या होत्या, आपली आणि कोपऱ्यावरची. ऊन दोन्हीकडं सारखंच होतं. सभेत मी फक्त आपलीच सांगितली.